कॉन्फरन्सला निघतेयस, मग हे वाचून जा

अगं, परवा तुझे बाबा दांडिया बझारात भेटले. म्हणाले, युनिव्हर्सिटीच्या कम्प्युटर सेंटरतर्फे तुला यंदा आयटी स्टाफच्या वार्षिक कॉन्फरन्सला पाठवतायत आणि तू म्हणतेयस मी काय करू जाऊन, मी तर नुसते पासवर्ड रीसेट करते. ते ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पासवर्ड रीसेट करणारीला जे माहीत असतं ना ते स्टेजवरच्या कित्येकांना माहीत नसतं. एडुरोमचंच घे, सगळ्या युनिव्हर्सिट्यांचं ते सामायिक वायफाय. 2002 मध्ये हॉलंडच्या सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्कमधल्या क्लास विरेंगा यांनी कल्पना मांडली की आपल्या युनिव्हर्सिटीचा आयडी दुसऱ्याच्या कॅम्पसवरही चालावा, पासवर्ड तपासायचा तो ज्याच्या त्याच्या घरच्या सर्व्हरनेच, आणि आज आपल्याकडे अर्नेट, म्हणजे सरकारी शैक्षणिक नेटवर्क, ते चालवतं. कागदावर एकदम सोपं. पण प्रोफेसरसाहेब इथे नुसतं यूजरनेम टाकतात, ॲटच्या (@) पुढचं युनिव्हर्सिटीचं नाव टाकतच नाहीत, घरच्या सर्व्हरला चालूनही जातं, आणि पुण्याला सेमिनारला गेले की तिथल्या सर्व्हरला कळत नाही हे कुठल्या गावचे, मग रात्री फोन कोणाला, तर तुला. हे तिथे बोल. आणि लोक फोनवर सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हर खरा असल्याचा दाखला, न बघता ओके दाबतात, त्यामुळे त्याच नावाचं खोटं वायफाय लावून कोणीही पासवर्ड काढू शकतो, त्यावर बाकीच्यांनी काय केलंय ते विचारून ये.

माझं सांगतो. मी नवीन असताना एका कॉलेजात रिझल्टच्या दिवशी आमचा सर्व्हर अकरा वाजता झोपला. बाहेर पोरं, आत प्रिन्सिपॉल, आणि मी रीस्टार्ट करतोय, दोन मिनिटं चालतो की परत बसतो, संध्याकाळपर्यंत हेच. खूप लाज वाटली, कोणाला सांगितलंही नाही. पुढच्या वर्षी अशाच एका परिषदेत चहाच्या रांगेत एका अनोळखी माणसाशी बोलताना ते तोंडातून निघून गेलं. त्याने माझ्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे तीन चौकोन काढले आणि म्हणाला, प्रत्येक पोरासाठी डेटाबेसला कशाला उठवता, निकाल लागून गेलाय, तो आता बदलणार थोडाच आहे, आदल्या रात्रीच सगळ्यांची पानं बनवून वेगळ्या मशीनवर ठेवा, डेटाबेसला हातच लागू देऊ नका. बस, एवढंच. त्यानंतर माझा रिझल्टचा सर्व्हर कधी बसला नाही. तो कागद अजून आहे माझ्याकडे, चहाच्या डागासकट.

म्हणून जायच्या आधी गेल्या तीन महिन्यांच्या तक्रारी काढून बघ, कशाच्या किती आल्या, आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लेल्या दोन वहीत लिहून ने. स्वतःच्या सेंटरचं बिघडलं ते सांगायला लाजू नकोस, फक्त सर्व्हरचे पत्ते, नेटवर्कचा नकाशा असलं काही दाखवू नकोस, ते घरातच ठेवायचं.

उद्घाटनाला बसून घे, चालतं. स्टॉलवर बॅगा आणि पेनं मिळतील ती घे, पण कंपनीवाल्याला एकच विचार की पाच वर्षांनी लायसन्स रिन्यूअलला किती पडणार आणि तोवर अपडेट येत राहणार का. उत्तर गोल गोल आलं तर पुढे चल. सगळ्या भाषणांना हजर राहायलाच हवं असं काही नाही गं, एखादं सोडून बाहेर कोणी खरं बोलत असेल तर तिथेच उभी राहा.

आणि हो, मांडवीतून लीलो चेवडोची, आपल्या बडोद्याच्या ओल्या चिवड्याची, दोन पाकिटं ने, ताजा घे, फार दिवस टिकत नाही. रात्री हॉस्टेलच्या टेबलावर उघडून ठेव. चार गावचे ॲडमिन आपोआप बसतात आणि मग जे निघतं ते कुठल्या पीपीटीत नसतं. नंबर घे, घरी आल्यावर आठवड्याच्या आत एकेकाला मेसेज टाक, नाहीतर राहून जातं, माझंही खूप जणांचं राहिलं आणि आजही चुटपूट लागते.

आलीस की रविवारी घरी ये, वही घेऊनच. त्या सर्टिफिकेटचं कोणी काय केलंय ते मला नीट ऐकायचंय.

तुझा,
काका