बोटीतून उतरलोच नाही, तरी दुसरी एन्ट्री लागते का?

प्रश्न : मी, यजमान, सतरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं ग्रीसच्या क्रूझला निघालो आहोत. बोट अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुटते, मध्ये एकदा तुर्कस्तानातल्या कुशादासीला थांबते आणि पुन्हा ग्रीसच्या बेटांवर येते. मुंबईच्या एजंटाला एकूण ६ लाख ४० हजार रुपये दिले. व्हिसाचं कामही त्यानेच केलं, त्याची फी वेगळी घेतली. शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मिळाला, पण 'सिंगल एन्ट्री', म्हणजे एकदाच आत येऊ देणारा. एजंट म्हणतो, 'कुशादासीला खाली उतरू नका, मग काहीच लागत नाही.' सासूबाईंच्या पासपोर्टची मुदतही सहलीनंतर जेमतेम चार महिने उरते. निघायला सात आठवडे आहेत. पैसे बुडाले तर आम्ही बडोद्याच्या माणसांनी मुंबईला खेटे घालायचे का? – एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : ताई, एजंटाचं ऐकू नका. त्याचं सगळं लक्ष तुर्कस्तानवर आहे आणि तुमची खरी अडचण आहे ग्रीस.

तुर्कस्तानच्या कायद्यात बोटीने येणाऱ्या पर्यटकांना बंदराचं शहर आणि आसपासचा भाग पाहण्यासाठी ७२ तासांपर्यंत व्हिसाविना उतरण्याची सवलत आहे. शिवाय चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. तुमच्या बोटीची कंपनी यांपैकी काय मागते, ते ईमेलवर लेखी घ्या. एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष कुशादासीहून जवळ आहेत, तेव्हा उतरायला मिळालं तर जरूर उतरा.

गाडं अडतं ते परत येताना. बोटीने ग्रीस सोडलं की तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर गेलात. केबिनमध्ये झोपून राहिलात की खाली जाऊन गालिचे पाहिलेत, त्याने फरक पडत नाही, कारण तुमच्यासकट बोटच शेंगेनबाहेरच्या देशाच्या बंदरात गेलेली असते. कप्तान प्रवाशांची नावनिशीवार यादी सीमा अधिकाऱ्यांना देतो आणि निघतानाची तपासणी त्या यादीवरच होते. बोट पुन्हा ग्रीक बेटाला लागली की तुमचा तो नवा प्रवेश. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा काढून बघा. 'नंबर ऑफ एन्ट्रीज'खाली ०१ छापलेलं असेल, आणि ती एक एन्ट्री अथेन्सच्या विमानतळावर उतरताच संपते. तुम्हाला तिथे ०२ किंवा 'मल्ट' (म्हणजे अनेक एन्ट्री) हवं. बोट एकदाच बाहेर जाते, म्हणून दोन एन्ट्री पुरतील.

धोका कमी वाटला तर अधिकारी एकेका प्रवाशाचा पासपोर्ट न तपासताही सोडू शकतात, अशी मुभा शेंगेनच्या नियमांतच आहे. एजंटाने कुणाकुणाचे किस्से सांगितले असतील, तर ते त्यातूनच आले असावेत. पण ही मुभा त्यांची आहे, तुमचा हक्क नव्हे. आणि मुळात इतक्या लांब प्रकरण जाईलच असं नाही. पिरेयसला बोटीत चढण्याआधी कंपनीचा माणूस व्हिसा पाहील. एन्ट्री कमी दिसली तर तो तिथेच थांबवू शकतो, आणि कागदपत्रं अपुरी असल्यास परतावा नाही असं कलम क्रूझच्या तिकिटांवर सहसा असतंच. 'चालशे' म्हणायची आपली बडोद्याची सवय बंदरावर कामाची नाही.

मिळालेल्या व्हिसावर एन्ट्री वाढवून मिळत नाही, नवा अर्जच करावा लागेल. सोबतच्या पत्रात बोटीचा दिवसवार कार्यक्रम जोडा, कुशादासीखाली रेघ मारा, आणि हातातला व्हिसा रद्द करून दोन एन्ट्रींचा द्यावा असं स्पष्ट लिहा. फी माणशी ९० युरो. बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर साधारणपणे पुन्हा द्यावे लागत नाहीत. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंतही ताणू शकतात. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस, म्हणून तुम्ही तिघं याच आठवड्यात अर्ज करा, सासूबाईंसाठी थांबू नका.

त्यांचा पासपोर्ट आधी. परतीनंतर तीन महिने मुदत उरली की शेंगेनच्या नियमाला पुरतं, त्यामुळे व्हिसा देताना कुणी अडवलं नाही. क्रूझ कंपन्या मात्र बहुधा सहा महिने मागतात. तुमच्या तिकिटात तसं असेल तर बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तत्काळमधून रि-इश्यू करून घ्या, ३६ पानांच्या पुस्तिकेला १,५०० अधिक २,००० रुपये. व्हिसाचा अर्ज नवा पासपोर्ट हातात आल्यावरच करायचा. हा क्रम उलटा झाला तर दोनदा खर्च.

आता एजंट. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो, त्यामुळे नकार आला असता तर मी तुम्हाला भांडायला सांगितलं नसतं. इथे प्रश्न वेगळा आहे : त्याने मागितलं काय? शेंगेनच्या अर्जात किती एन्ट्री हव्यात याचा रकाना असतो. एक, दोन की अनेक. भरलेल्या अर्जाची प्रत आजच मागवा. बोटीचा कार्यक्रम हातात असताना त्याने 'एक'वर खूण केली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे असं ठामपणे मांडता येईल. त्याने दोन मागूनही दूतावासाने एकच दिली असेल, तर बाजू कमकुवत होते. तरीही व्हिसा हातात आल्यावर ही गोष्ट त्याने तुमच्या नजरेस का आणली नाही, हा मुद्दा उरतोच. आणि अर्जाखाली सही तुमची आहे, हे समोरचा वकील सगळ्यात आधी दाखवेल. त्याची तयारी ठेवा. व्हिसाच्या फीची वेगळी पावती इथे तुमच्या बाजूने बोलते, कारण कागदपत्रं बघण्याचेच पैसे त्याने घेतले होते.

मुंबईला जायची गरज नाही. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बडोद्यातच. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असला की प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. ५ ते १० लाखांच्या टप्प्यात फी फक्त २०० रुपये, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. म्हणून तक्रारीची घाई नाही, व्हिसाची आहे. करार कायद्याचं कलम ७३ असं सांगतं की नुकसान मोजताना, ते टाळायला तुमच्या हाती काय उपाय होता हेही पाहिलं जाईल. हातावर हात ठेवून सहल बुडू दिलीत तर पूर्ण ६ लाख ४० हजार मिळणं कठीण. नवा व्हिसा काढलात, तर चौघांचे ३६० युरो, व्हिसा केंद्राचे आकार आणि जाण्यायेण्याचा खर्च मागण्याला भक्कम आधार राहतो. पासपोर्टचा खर्च यात घालू नका, तो कधी ना कधी करायचाच होता.

एजंटाला आज एक ईमेल करा : 'आपण दिनांक अमुक रोजी बोटीतून न उतरण्याचा सल्ला दिलात. तसं केल्यास कुशादासीहून परतताना सिंगल एन्ट्रीवर ग्रीसमध्ये प्रवेश मिळेल, हे बोटीच्या कंपनीकडून दोन दिवसांत लेखी आणून द्या. अन्यथा नव्या व्हिसाचा खर्च आपल्याकडून वसूल करू.' तो फोन करेल. फोनवर बोलणं झालं तरी उत्तर ईमेलवरच मागा, आणि 'उतरू नका' हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर तो संवाद पुसू नका.