नाव नोंदवलंस, आता पुढे काय?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आयटीआयचा निकाल लागताच महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवलंस, हे बरं केलंस. पण "काका, कॉल कधी येईल?" हे वाचून काळजी वाटली. माझी सगळी नोकरी रोजगार खात्यात गेली, म्हणून स्पष्ट सांगतो, नुसती वाट बघत बसू नकोस.

तुझ्या बाबांच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाचं, कार्ड काढून कॉलची वाट बघण्यात अर्थ होता. सरकारी भरतीसाठी नावांच्या याद्या आमच्याकडून जायच्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यादीबरोबर जाहिरातही द्या असं सांगितलं, आणि हळूहळू ते दिवस गेले. खासगी कंपन्यांचं आधीपासूनच निराळं. 1959 च्या कायद्याने 25 किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त पदं कळवायला लावली. माणूस आमच्याच यादीतला घ्या, ही सक्ती त्यात नव्हती.

म्हणजे तुला निवडावं असं तुझ्या नोंदीत काहीतरी दिसलं पाहिजे. तू लिहिलंयस, "इलेक्ट्रिशियन, कोणतेही काम चालेल." एमआयडीसीतला माणूस असं शोधत नाही. त्याला पॅनल वायरिंग येणारी, मोटरचं स्टार-डेल्टा कनेक्शन करणारी, मेगर लावून इन्सुलेशन तपासणारी मुलगी हवी असते. हे सगळं तुला येतं! मग ते लिही. फोन नंबर बदललास तर तोही त्याच दिवशी बदल. अप्रेंटिसशिपची नोंदणी वेगळी असते, ती राहू देऊ नकोस.

आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रात स्वतः जा. पुढचा पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा कधी, कोणत्या कंपन्या येणार, हे तिथे विचार. मेळाव्यात स्टॉलवर बायोडाटा ठेवून परत फिरू नकोस. नेमणूक कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या? पीएफ कापून हातात किती? रात्रपाळी असेल तर गाडी आहे का? विचारायला अजिबात संकोच करू नकोस. तिथेच कुणी "पाचशे भरा, जागा पक्की" म्हणाला तर सरळ उठ आणि केंद्रातल्या अधिकाऱ्यांना सांग. या सेवेला उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाहीत.

नोंद सुधारलीस की मला पाठव, मी वाचून कळवतो.

तुझा काका