‘करंट पुरतच नाही, मॅडम’

स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र एक वाक्य हटकून येतं, ‘चालू घडामोडी कितीही वाचल्या तरी पुरत नाहीत. काहीतरी राहून जाईल.’ सांगलीत विश्रामबागच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे इतक्यांदा ऐकलंय, की त्यातल्या एका मुलीबद्दल लिहावंसं वाटलं. तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय सत्तावीस. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, घरी ऊस. पुण्यात पेठेत दोन वर्षं काढून परत आलेली, आता इथल्याच एका अभ्यासिकेत. राज्यसेवा पूर्व परीक्षेत मागच्या खेपेला थोडक्यात गेली. ‘करंटनं घालवलं,’ म्हणजे चालू घडामोडींनी, हे तिचं ठाम निदान.

पहिल्यांदा आली तेव्हा तिचे वडील सोबत होते. बाहेरच्या बाकावर बसूनच त्यांनी विचारलं, ‘रातभर वाचतीया वो मॅडम. मग कमी कुठं पडतंय?’ प्रश्न माझ्याहून चांगला होता.

वाचत काय होती? अकरा महिन्यांची दोन-दोन मासिकं, दोन वर्तमानपत्रं, टेलिग्रामवरचे सात चॅनेल आणि मोबाइलमध्ये साडेसहाशे पीडीएफ. त्यातल्या किती उघडल्या हे विचारल्यावर ती हसली, आणि लगेच रडायला लागली.

राज्यसेवेतलं मला विषयतज्ज्ञासारखं काही कळत नाही, पण मोजता येतं. पुढच्या भेटीला मी तिला मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका घेऊन बोलावलं. चुकलेल्या प्रश्नांसमोर विषय लिहायचा, एवढंच काम. चालू घडामोडींचे चुकले होते पाच. भूगोल आणि अर्थव्यवस्थेचे मिळून एकोणीस. ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘पण भूगोलाचं पुस्तक उघडलं की धडधडतं.’

खरं दुखणं हे होतं. भूगोलाला शेवट आहे. पुस्तक संपतं, टेस्ट देता येते, आणि टेस्ट दिली की आपण कुठे आहोत ते कळतं. बातम्यांना शेवटच नाही, त्यामुळे निकालही नाही. रोज नवं येतं, रोज थोडं राहतं, आणि ‘अजून तयारी झाली नाही’ म्हणून टेस्ट पुढे ढकलता येते. शिवाय घरून फोन आला की ‘आज चाळीस पानं झाली’ सांगायला बरं. गुण सांगायला तोंड उघडत नाही. मला हा आळस वाटत नाही. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलीला आळशी म्हणणारे बाहेर भरपूर आहेत, त्यात माझी भर नको.

त्या पाच चुकांमध्येही एक गंमत होती. पाचही प्रश्न तिने ‘येतंय’ असं वाटून सोडवले होते. सात ठिकाणी तेच नाव डोळ्यांखालून गेलं की ओळखीचं होतं, आणि ओळख म्हणजे आठवण असं आपल्याला वाटायला लागतं. मी एक प्रयोग केला. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. विचारलं, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग आणि सिंहगड, यातला यादीत नसलेला कोणता? ती झटकन म्हणाली, ‘प्रतापगड.’ यादीत नाही तो सिंहगड. शेजारच्या साताऱ्यातला प्रतापगड तिने यादीबाहेर काढला, कारण सातारा म्हटल्यावर तिच्या डोक्यात कासचं पठार होतं. ते आलं होतं २०१२ साली, पश्चिम घाटाच्या नैसर्गिक वारशात. दोन्ही बातम्या वाचलेल्या, एकमेकींवर सांडलेल्या. या परीक्षेत चार चुकीची उत्तरं एका बरोबर उत्तराचे गुण खाऊन टाकतात. अर्धवट ओळख तिथे महाग पडते.

महिला आरक्षणाचंही तसंच. विधेयक १२८वं, घटनादुरुस्ती १०६वी, लोकसभेत ४५४ विरुद्ध २, सगळं तोंडपाठ. मग ते २०२४च्या लोकसभा निवडणुकीला का लागू झालं नाही, असं विचारलं तर गप्प. आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, ही अट त्या कायद्यातच घातलेली होती. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, तिथे मतांचा आकडा लिहून दोन ओळी भरतील, पुढे काय?

मग मी विषय बदलला. ‘तुमच्या घरात पाणी कधी शिरलं होतं?’

दहा मिनिटं ती थांबली नाही. २०१९ला माळ्यावर ठेवलेलं धान्य, २०२१ला आधीच हलवलेली जनावरं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका, कोयनेतून विसर्ग वाढला की तिच्या गावात पाणी कधी चढतं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी काय आहे हे घरातली म्हातारी माणसंही कशी विचारतात. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करायला कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१०मध्ये कर्नाटकाला मुभा दिली, हेही तिला ठाऊक होतं. पुराला अलमट्टी किती जबाबदार, यावरचा वादही तिने दोन्ही बाजूंनी मांडला. लवाद कुठून आला विचारल्यावर म्हणाली, ‘घटनेचं कलम २६२. आणि नदी-पाणीतंट्यांचा १९५६चा कायदा.’

कुठल्या पीडीएफमधलं?

‘नाही हो मॅडम, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. कलम तेवढं राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं.’ आणि लगेच पुढे, ‘पण असलं परीक्षेत थोडंच विचारतात?’

मी काही बोलले नाही. मुलाखतीत जिल्ह्याबद्दल विचारतात हे तिलाच आठवलं, पण घरी जाताना, बसमध्ये. तसा मेसेज आला.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. एक वर्तमानपत्र, एक मासिक. रोज नोट्स काढायच्या नाहीत. बातमी आठवडाभर शिळी होऊ द्यायची, रविवारी जी अजून जिवंत असेल तीच वहीत घ्यायची, आणि शेजारी पुस्तकातलं पान लिहायचं. पान सापडलं नाही तर बहुधा बातमी सोडायची. सकाळचे पहिले दोन तास भूगोल, धडधडलं तरी.

चॅनेल सोडणं सगळ्यात अवघड गेलं. आठ दिवस सगळे बंद, असं ठरलं. त्याआधी काय नुकसान होईल ते कागदावर लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, ‘दहा तरी महत्त्वाच्या गोष्टी सुटतील.’ चौथ्या रात्री तिला राहवलं नाही, एक चॅनेल परत जोडला. घाबरत सांगायला आली. रागवायचं काय त्यात? सवय सुटताना असंच होतं. तोही बंद करून आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. शेवटी तिने मैत्रिणीच्या फोनवर बघून सुटलेल्या गोष्टींची यादी केली. तिच्याच मते महत्त्वाच्या दोन निघाल्या. दोन्ही तिच्या वर्तमानपत्रात येऊन गेलेल्या.

भीती एवढ्यानं जात नाही. अभ्यासिकेत शेजारच्याच्या टेबलावर नवं मासिक दिसलं की अजून पोटात खड्डा पडतो म्हणते. पूर्वी ती तेच विकत आणायची. आता त्याला विचारते, ‘संपलं का तुझं?’ आजवर कुणीच ‘हो’ म्हणालेलं नाही.

परवा तिचा मेसेज आला, ‘मॅडम, कालच्या टेस्टमध्ये अकरा प्रश्न सोडून दिले. चार करंटचे.’

मी विचारलं, ‘आणि झोप?’

‘साडेसहा तास.’