भावाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत. थेरपीचा काही उपयोग होतो का?

हो, होतो. पण गोळ्या बंद करून नव्हे, त्यांच्या जोडीला.

या आजारात इतरांना न येणारे आवाज ऐकू येऊ शकतात. 'असं काही नाहीये' असं कितीही समजावलं तरी त्याला ते ऐकू येतच राहतात, वर तो आपल्याशी बोलेनासा होतो. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणाऱ्या बोलण्याच्या थेरपीमध्ये, थेरपिस्ट वाद घालत नाही. आवाज कधी वाढतो, जागरणानंतर की घरात भांडण झाल्यावर? आवाज सांगतो ते ऐकलं नाही तर खरंच काही होतं का? हे दोघं मिळून तपासतात. आवाज पूर्ण जाईलच असं नाही, पण त्याची दहशत कमी होऊ शकते. उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस संस्थेने किमान 16 सत्रांची शिफारस केली आहे, त्यामुळे दोन भेटींत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

घरच्यांनीही सत्रांना बसावं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. 'आळशी झालायस' असे टोमणे सतत कानावर पडले की आजार उलटण्याचा धोका वाढतो.

कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. आवाज जिवाचं बरंवाईट करायला सांगत असतील तर मात्र त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.