सांगलीजवळच्या जुन्या हळद मिलमधल्या होमस्टेत म्हातारे आई-वडील आणि लहान मुलांना घेऊन राहावं का?

तुम्ही विचारलंय की एका रात्रीचे साडेपाच हजार मोजण्यासारखं तिथं काय आहे, आणि वडीलधारे नि दोन लहान मुलं बरोबर असताना मिलच्या शेडमध्ये राहणं जमेल का. जा. जमेल. मी अशाच एका जागेत फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन रात्री राहून आले. त्या मिलमध्ये माझ्या वडिलांनी, आबांनी, ३२ वर्षं हळद पॉलिश केली. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

जागेचं नाव लिहीत नाही. उंच पत्रा, त्याला तोलणाऱ्या लोखंडी कैच्या, वर काचेची तावदानं, खाली शहाबादी फरशी. एका कोपऱ्यात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील टांगलेला. आत शिरल्यावर आबा कुणाशी काही बोलले नाहीत. खोलीतला पलंग होता त्याच्या पायथ्याशी गेले आणि चपला काढून अंगठ्यानं फरशी चाचपत राहिले. फरशीत चार बोल्ट कापून सपाट केलेले होते. "दोन नंबरचा ड्रम हितं," म्हणाले. मग शेजारच्या खोलीत जाऊन तीन नंबरचे बोल्ट शोधले. आई दारात उभी होती. इतकी वर्षं ती गेटपर्यंतच डबा घेऊन यायची, आत पहिल्यांदाच आली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिजवून वाळवलेलं हळकुंड खरबरीत आणि मळकट असतं. ते ड्रममध्ये घालून फिरवतात, एकमेकांवर घासून वरची साल निघते, आणि शेवटी हळदीचंच पाणी शिंपडून झळाळी आणतात. सालीची ती धूळ सगळ्या शेडभर उडते. आबा तोंडाला पंचा बांधायचे. घरी आल्यावर पंचा पिळला की मोरीत पिवळं पाणी. आईचं लुगडं, आमची अंथरुणं, माझ्या शाळेच्या वह्यांच्या कडा, सगळं पिवळं. वर्गातल्या मुली मला 'हळदुली' म्हणायच्या.

आता मूळ गोष्ट. त्या खोलीच्या एका भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, तांबडा डाग होता. विटकरी नव्हे, कुंकवासारखा. माझ्या मुलानं विचारलं, रक्त आहे का? आबांनी कनवटीची तंबाखूची पिशवी सोडली, चुन्याची डबी काढली, बोटावर जरा चुना घेतला. खिडकीच्या वरच्या पट्टीवरून दुसऱ्या हाताच्या बोटानं धूळ पुसून घेतली. वीस वर्षं झाली तरी ती पिवळीच होती. दोन्ही तळहातावर घासलं, वर थेंबभर पाणी. पोराच्या डोळ्यांदेखत तळहात लाल झाला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे त्याला पुस्तकातल्या कुठल्याही प्रयोगानं इतकं समजलं नसतं. तो आजोबांचा हात धरून सगळ्या भिंती तपासत फिरला.

होमस्टे चालवणारा तरुण हे ऐकून धावत आला. त्यानं तीनदा चुना मारून घेतला होता आणि तीनदा डाग वर आला होता. त्याला वाटलं ओल आहे, म्हणून त्यानं ओलीवर पैसे घातले. आबा त्याला म्हणाले, "भिंतीत हळद मुरलीया. जितका चुना माराल तितकी लाल हुईल. हाय तशी ऱ्हाऊ द्या." त्यानं राहू दिली. तुम्हाला अशी भिंत दिसली तर मुलांना नक्की दाखवा.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि मी तिथंच बोलून दाखवली. दारावर पाटी होती: 'ब्रिटिशकालीन मसाल्याची वखार'. साफ खोटं. त्या मिलचा पाया भरत होते तेव्हा आबा गवंड्याच्या हाताखाली होते, आणि त्याच वर्षी, १९६७ च्या डिसेंबरात, कोयनेचा भूकंप झाला. नुकती उभी केलेली भिंत तडकली म्हणून परत बांधली, ती अजून उभी आहे. पाटीवर हे लिहायला काय झालं? हळद पॉलिश करणाऱ्या माणसांची जागा ही काय साहेबाच्या वखारीपेक्षा कमी आहे? राहायला जाल तिथं मालकाला विचारा: इथं काय व्हायचं, कोण काम करायचं, मिल बंद का पडली. नीट सांगता आलं तर पैसे वसूल. नाही सांगता आलं तर तुम्ही नुसत्या उंच छताचे पैसे देताय.

माझा मोठा भाऊ भोसरीत असतो. त्याला हे कळल्यावर त्यानं फोनवर मला झापलं. ज्या धुळीनं आबांची छाती खाल्ली, तिथं त्यांनाच पैसे भरून झोपवलंस, लाज कशी वाटली नाही, असं म्हणाला. दिवाळीला सगळ्यांसमोर परत तेच. त्याचा राग खरा आहे. आबांचा खोकला मिलमधलाच आहे, आणि २००३ मध्ये काम सोडताना त्यांच्या हातात काय पडलं ते आम्हा दोघांना माहीत आहे. पण दादा, तू हे वाचशीलच, म्हणून लिहिते. तुझं म्हणणं होतं की ती शेड पाडून टाकायला हवी होती. पाडली असती तर तिथं फ्लॅट झाले असते, आणि आबांच्या ३२ वर्षांचा एक बोल्टसुद्धा उरला नसता. तिथं जायचं आबांनीच मनात घेतलं होतं. पेपरमध्ये फोटो बघून त्यांनी तो कापून पाकिटात ठेवला होता. मी फक्त खोली घेतली. दुसऱ्या रात्री त्यांनी आईला ड्रमचा पट्टा कुठून कुठं जायचा, जेवायला कुठं बसायचे, कुणाचा हात कुठं सापडला, हे उभं राहून दाखवलं. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झालीत, आणि हे त्यांनी तिला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. एप्रिल-मे टाळा, पत्रा दुपारी भाजून काढतो आणि कूलरनं काही होत नाही. रात्री पत्रा गार होताना कडाकडा वाजतो, मुलांना आधीच सांगून ठेवा. पोटमाळ्याची खोली फोटोत छान दिसते पण जिना लोखंडी आणि उभा असतो. म्हाताऱ्यांसाठी खालचीच मागा. आणि घरात कुणाला दमा असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून आधी चौकशी करा. कैच्यांवरची धूळ वारं सुटलं की अजून खाली येते. आबा दोन्ही रात्री खोकले.

जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर जागा नदीपासून किती लांब आहे ते विचारा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही राहिलो तिथं २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या रेघा मागच्या भिंतीवर अजून दिसतात.

बघायला म्हणाल तर गणपती मंदिर आणि हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणी उतरत नसे. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये असाल तर सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघा, राजापुरी हळदीचे ढीगच्या ढीग असतात. येताना भडंग घ्या.

आणि मुलं लहान आहेत म्हणून सांगते, अशा ठिकाणी शोभेला हमालांचे हुक भिंतीवर टांगलेले असतात. आम्ही गेलो तेव्हा ते टोक बाहेर करून, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला होते. आबांनी सगळे उतरवले आणि टोक भिंतीकडे करून परत टांगले.