खाडीपलीकडचं सुतक

प्रिय सई,

परवा मखराचे पुठ्ठे पुन्हा कपाटावर चढवताना तू विचारलंस, "बाबा, ज्या आजोबांना मी कधी पाहिलंच नाही, ते गेले म्हणून आपल्याकडे गणपती का नाही?" मी "सुतक आहे" एवढंच म्हणून मोकळा झालो. तुझा चेहरा पडला तो मी पाहिला. वर्षभर वाट बघितलेला गणपती असा एका शब्दात जायला नको होता. म्हणून हे पत्र.

आजी टीव्हीवर पुढाऱ्यांना बघून म्हणते ना, "यांना लोकांचं काही सोयरसुतक नाही"? सोयर जन्माचं, सुतक मरणाचं. ज्याच्या जन्माने किंवा मरणाने आपल्या घरातलं काहीच थांबत नाही, त्याच्याशी आपलं सोयरसुतक नाही. नियम भावकीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. सात पिढ्यांच्या आतला माणूस गेला तर दहा दिवस, त्यापुढच्याचं तीन. बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर राहिलेले दिवस पाळायचे. देवपूजा नाही, गोडधोड नाही, सण नाही. लग्न झालेल्या मुलीला तर आईवडिलांचंही तीनच दिवस. हे मला कधीच पटलं नाही. तुझ्या आईचे वडील गेले तेव्हा तिने दहा दिवस पाळले आणि मीही तिच्याबरोबर पाळले. विटाळ वगैरेही मी मानत नाही. तरी या वर्षी गणपती आणला नाही, याचं कारण मला माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, दहाव्याला सापडलं.

अण्णा, तुझे सख्खे आजोबा, गेले तेव्हा तुझी परीक्षा होती, म्हणून मी एकटाच गावी गेलो होतो. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही गड नदीवर गेलो. न्हावी दगडावर बसला होता आणि भावकीतले पुरुष एकेक करून डोकं त्याच्यापुढे धरत होते. एवढ्यात पहिल्या एसटीने उतरलेले एक म्हातारे गृहस्थ बांधावरून चालत आले. कुणाशी काही बोलले नाहीत. टोपी काढून पिशवीत ठेवली, सदरा काढला आणि आमच्या रांगेत येऊन बसले. सई, दहाव्याला क्षौर करतो तो घरचाच माणूस. शेजारी येतात, खांदा देतात, पण डोकं भादरून घेत नाहीत. मी भावकीतल्या सगळ्यांना ओळखत होतो, यांना मात्र कधी पाहिलं नव्हतं.

मी जवळ जाऊन विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

ते म्हणाले, "तुका ठावक नाय? तुजो आजो नि माजो बापूस एका बापाशीचे. आवशी दोन."

पिंडाला कावळा शिवेपर्यंत ते माझ्या शेजारी उभे राहिले. मग जेवून दुपारच्या गाडीने कालावलच्या खाडीपलीकडे आपल्या गावी गेले.

आमच्या घरात जी वंशावळ आहे, तिच्यात माझ्या पणजोबांच्या नावाखाली दोनच रेघा आहेत, दोन मुलगे. आत्येला विचारलं तर ती म्हणाली, "जुनी मढी उकरू नको." मग मी मालवणला तहसील कचेरीत जाऊन पणजोबांच्या वारस नोंदीचा फेरफार मागितला. तीन खेपा घातल्यावर मिळाला. त्यावर जिल्हा रत्नागिरी आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्याआधी मालवण तालुका रत्नागिरीतच होता. अर्धा मजकूर मोडीत. एका निवृत्त गुरुजींनी काठीने ओळ धरून वाचून दाखवला. खातेदार मयत, वारस मुलगे तीन. पहिले दोघे सज्ञान. तिसऱ्याच्या नावापुढे "अज्ञान, अ.पा.क. आई" आणि पुढे एका बाईचं नाव.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. सातबाऱ्यावर आजही ही अक्षरं दिसतात. मुलगा लहान असला की त्याच्या वतीने कोण, ते लिहायची रीत. आणि ते नाव माझ्या पणजीचं नव्हतं.

त्या काळी मुलगे असले की विधवेला वारस धरत नसत. वंशावळीत तर बायका नसतातच. मुलगा अज्ञान होता म्हणूनच ती बाई त्या कागदावर उरली. त्याला मिसरूड फुटलेलं असतं तर तिचं नावही मला कधी कळलं नसतं. मी तो कागद कचेरीच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ बघत राहिलो.

कागद दाखवल्यावर आत्ये बोलली. ही पणजोबांची पहिली बायको. बरीच वर्षं मूल नाही म्हणून त्यांनी दुसरी केली. तेव्हा त्याला आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला कायद्याने बंदी आली ती 1946 साली. दुसरीला दोन मुलगे झाले. तेही मोठे झाले आणि मग, कुणाला वाटलंही नव्हतं तेव्हा, पहिलीला दिवस गेले. घरात काय बोलाचाली झाली ते आत्येने सांगितलं, पण ते तू मोठी झाल्यावर सांगेन. आमच्या घरातल्यांनी तिला बरं वागवलं नाही, एवढं आत्ता पुरे. ती होडीने खाडी ओलांडून माहेरी गेली. मुलगा मामाच्या घरी वाढला. थोरल्या बायकोचा मुलगा शेंडेफळ ठरला तो असा.

नंतर माजघरातल्या तारेला टोचलेली जुनी पत्रं काढली. त्यात चार पोस्टकार्डं कोपरा फाडलेली होती, वर "श्री" नाही. मयताची बातमी तशीच पाठवायचे, दारात हातात घेतानाच कळावं म्हणून. "पत्र मिळताच स्नान करावे", खाली खाडीपलीकडच्या गावाचं नाव. तेव्हा मला माझी आजी आठवली. मी सहा-सात वर्षांचा असेन. पोस्टमन येऊन गेला आणि ती भर दुपारी, जेवण झालेलं असताना, विहिरीवर गेली आणि डोक्यावरून कळशी ओतून घेतली. दिवा लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "गेलां कोण तरी आपल्यातला." त्या चार पत्रांतलं एक त्याच दिवसाचं असणार.

दोन्ही घरांत लग्नाची आमंत्रणं नव्हती, चतुर्थीचं येणंजाणं नव्हतं, बोलणंही नव्हतं. एवढं एक सुतक तेवढं दोन्हीकडून पाळलं गेलं, बायकांनी पाळलं. आणि सातबाऱ्यावरचं तिसरं नाव कुणी काढायला गेलं नाही.

नदीवर माझ्या शेजारी बसलेले ते काका म्हणजे त्या शेंडेफळाचा मुलगा, माझ्या अण्णांचा चुलतभाऊ. गेल्या आठवड्यात ते गेले. मूळपुरुष तुझे खापरपणजोबा, म्हणजे सात पिढ्यांच्या कितीतरी आत. पण हिशेब मी केलाच नाही. ते माझ्या बापासाठी एसटीने येऊन डोकं पुढे करून बसले होते. त्यांच्यासाठी मला मेलबर्नमध्ये एक मखर कपाटावर ठेवायला जड गेलं नाही. तुला गेलं, हे मला कळतं. माघी गणपतीला आपण मूर्ती आणू. मखर तूच कर.

उद्या त्यांचा दहावा. तिकडचं आटोपून त्यांच्या घरचे परततील तेव्हा दोन वाजतील, इथे साडेसहा. तेव्हा फोन लावू. त्यांचा एक नातू तुझ्याच वयाचा आहे. फोन आधी म्हाताऱ्या काकी घेतील आणि कोकणात विचारतात तसं विचारतील, "तू कोणाची गो?" तेव्हा माझं नाव सांग, अण्णांचं सांग, आणि मग त्या फेरफारावरच्या बाईचं सांग. तुझ्या मराठीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आज दोन-तीनदा मोठ्याने वाचून बघ, जोडाक्षर आहे.

तुझा,
बाबा