वाचक विचारतात : जेल लावलं की काम भागतं का?

प्रश्न : मित्राने दवा बाजारातून पुरुषांसाठीचं एक जेल आणलंय. संबंधाच्या आधी लावलं की गुप्तरोग होत नाहीत, ९९.९ टक्के जंतू मरतात, 'लॅब टेस्टेड' आहे, असं खोक्यावर छापलंय. मग कंडोमची काय गरज? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : गरज आहे. 'लॅब टेस्टेड' म्हणजे बहुधा काचेच्या बशीत जंतूंवर औषध टाकून पाहिलं, एवढंच. बशीत ना वीर्य असतं, ना घाम. वीर्य किंचित अल्कधर्मी असल्याने आम्लधर्मी जेलचा जोर तिथेच उतरतो. शिवाय गनोरिया आणि क्लॅमिडियाचे जंतू मूत्रमार्गात शिरतात. वरून चोळलेलं औषध तिथवर जात नाही.

जंतू मारणारं औषध आपल्या पेशींनाही सोडत नाही, ही खरी अडचण. नॉनऑक्सिनॉल-९ हे शुक्राणू मारणारं रसायन प्रयोगशाळेत एचआयव्हीला मारत असे. आफ्रिका आणि थायलंडमधल्या सेक्स वर्कर स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. २००० साली निकाल आला, तेव्हा जेलवाल्या गटातच लागण जास्त निघाली. या डिटर्जंटच्या वारंवार वापराने आतलं अस्तर सोलवटत होतं.

म्हणून नव्या जेलच्या चाचणीत पहिल्या टप्प्यात रोग टळतो का हे बघतच नाहीत. काही डझन निरोगी पुरुषांना जेल लावायला देऊन लाली, फोड, लघवीची जळजळ तपासतात. सुंता झालेले आणि न झालेले वेगळे मोजावे लागतात, कारण पुढच्या त्वचेखाली जेल जास्त वेळ साचून राहतं. तेलकट मलम असेल तर लेटेक्सचा कंडोम फाटतो का, हेही पाहावं लागतं.

शेवटच्या टप्प्यात निम्म्यांना खरं जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोणाला काय मिळालं हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. कंडोम आणि सल्ला मात्र सगळ्यांनाच द्यावा लागतो. त्यामुळे लागण कमी होते आणि फरक दिसायला माणसं जास्त लागतात. समजा, वर्षाला शंभरात ४ जणांना लागण होते आणि जेलने ती २ वर येते. हे खात्रीने दाखवायला सुमारे २,३०० माणसं हवीत, मधेच सोडून जाणारे वेगळे. त्यात लोक 'लावलं' म्हणतात आणि लावत नाहीत. स्त्रियांसाठीच्या टेनोफोविर (एचआयव्हीविरोधी औषध) जेलच्या 'व्हॉइस' चाचणीत (निकाल २०१३) रक्ताच्या जेमतेम पाव नमुन्यांत औषध सापडलं होतं. पुरुषांचं एकही जेल, मलम किंवा वाइप आजवर ही सगळी चाळण पार करून आलेलं नाही. खोक्यावर काहीही छापता येतं.

प्रश्न : नंतर डेटॉलने धुतलं तर? – एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : मुळीच नको. त्वचा भाजते, बारीक चिरा पडतात आणि जंतूंना आयती वाट मिळते. साध्या पाण्याने धुवा, पण ते संरक्षण नव्हे. कंडोम फाटला असेल तर एचआयव्ही रोखण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, सुरू करून २८ दिवस घ्यायच्या. विचारणा १०९७ वर करा, फोन मोफत आहे. पू किंवा जखम दिसली तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. तपासणी आणि औषध फुकट मिळतं.

प्रश्न : अशा चाचणीसाठी पैसे देऊन माणसं घेतात म्हणे. जावं का? – एक वाचक, रामबाग

उत्तर : औषध-चाचण्यांचा वाद इंदूरला नवा नाही, तेव्हा आधी कागद मागा. सीटीआरआयचा, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक, नैतिक समितीची मंजुरी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेतलं संमतिपत्र, त्याची प्रत तुमच्याकडे. चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार मोफत. यातलं एक जरी कमी असेल तरी सही करू नका.